चाचणीमार्गाची कैफियत

शर्यतीचा मार्ग म्हटला की तो अरण्यातून वळसे घेत डोंगर चढणारा, निदान मोनॅकोप्रमाणे कॅसिनोच्या दारावरून समुद्राकडे उतरणारा असलाच पाहिजे, अशी ज्यांची दृढ श्रद्धा आहे, त्यांना ‘ग्रान तुरिस्मो 5’ या व्हिडिओ गेममध्ये ‘टॉप गिअर’ या मोटारींच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा सपाट चाचणीमार्ग पाहून जो उद्वेग होतो, त्याची मला पूर्ण कल्पना आहे, कारण त्या उद्वेगाचे वकीलपत्र घेतलेले एक गृहस्थ माझे पुतणे या नात्याने माझ्याच घरी मुक्कामास असतात. “काका, हा काय ट्रॅक झाला? रिकामं मैदान, पांढऱ्या रेघा आणि टायरांचे ढीग! त्यापेक्षा एखादा खराखुरा ट्रॅक नसता का देता आला?” ही त्यांची फिर्याद. मी प्रतिवादीच्या बाजूने उभा आहे, आणि माझी भूमिका सर्वस्वी निःस्वार्थ आहे, असे मी त्यांना वारंवार बजावीत असतो.

या निःस्वार्थपणाचा तपशील येणेप्रमाणे. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या 20.8 किलोमीटरांच्या जुन्या मार्गावर मी गाडी घातली की आयफेलच्या वनराजीशी आणि तेथील लोखंडी कठड्यांशी माझा इतका निकटचा परिचय होतो की, पाहणाऱ्यास मी शर्यतपटू नसून फिरतीवर निघालेला जंगलखात्याचा अंमलदार वाटावा. उलटपक्षी ‘टॉप गिअर’चा हा मार्ग जेथे आहे, त्या इंग्लंडच्या सरे परगण्यातील डन्सफोल्डला दरी नाही, अरण्य नाही, कठडा नाही. रस्ता सुटलाच तर गवत लागते, आणि गवत क्षमाशील असते. अशा भूमीवर माझ्या अंगचे, परंतु एरवी परिस्थितीच्या प्रतिकूलतेमुळे झाकले जाणारे सारथ्यकौशल्य उफाळून येत असेल, तर त्यास मी तरी काय करावे?

माझी खरी आसक्ती मात्र याहूनही निर्गुण मार्गांवर आहे, आणि विषयांतराचा दोष पत्करून तिची हकिकत सांगणे मला भाग आहे. इटलीच्या दक्षिण टोकाजवळ नार्दो येथे फियाट कंपनीने 1975 मध्ये सुमारे साडेबारा किलोमीटर परिघाचे एक वर्तुळ बांधले. त्याची बाहेरची कड अशा बेताने उचललेली आहे की, सर्वांत बाहेरच्या पट्टीतून ताशी 240 किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास स्टिअरिंग वळवावेच लागत नाही. ज्या एका कृतीत माझी आजवर सर्वत्र फजिती झाली, तीच कृती अनावश्यक ठरविणाऱ्या त्या अभियंत्यांविषयी माझ्या मनात जो पूज्यभाव आहे, तो कुलदैवताच्या खालोखाल आहे. ‘ग्रान तुरिस्मो’च्या कर्त्यांनी तर त्यावरही कडी केली. 1997 च्या पहिल्याच गेममध्ये त्यांनी गाडीचा परमोच्च वेग मोजण्यापुरता एक चाचणीमार्ग दिला होता. पुढे त्यांनी ‘रूट एक्स’ नावाचा तीस किलोमीटरांचा एक लांबोडका मार्ग केवळ कल्पनेने निर्माण केला, ज्यात बारा-बारा किलोमीटरांचे दोन सरळ रस्ते आहेत. ताशी 400 किलोमीटरांनी गेले तरी असा एक सरळ रस्ता संपावयास 108 सेकंद लागतात. एवढ्या अवधीत कंट्रोलरच्या खटक्यास रबरबँड लावून स्वयंपाकघरात जावे, चहाचे आधण उतरवावे, आणि पुढचे वळण येण्यापूर्वी परत येऊन विश्वविक्रमी चालकाच्या मुद्रेने बसावे, हा माझा परिपाठ आहे, आणि “एवढ्या वेगातही तुमचा हात कसा स्थिर!” असे सौभाग्यवतींनी एकदा तरी म्हणावे, ही इच्छा अद्याप अपूर्ण आहे. त्या रबरबँड परत मागतात.

परंतु मूळ मुकदम्याकडे वळू. डन्सफोल्डचे मैदान फिर्यादीस वाटते तितके अनाथ नाही. 1942 मध्ये कॅनडाच्या लष्करी अभियंत्यांनी ते युद्धासाठी तयार केले. 1960 मध्ये, पुढे ज्याच्यातून हॅरियर विमान सिद्ध झाले, ते यंत्र दोरांनी जखडलेल्या स्थितीत प्रथम तेथेच जमिनीवरून सरळ वर उचलले गेले. आणि 2002 मध्ये ‘टॉप गिअर’ हा कार्यक्रम नव्या स्वरूपात सुरू झाला, तेव्हा त्याच धावपट्टीवर लोटस कंपनीच्या जाणकारांच्या साहाय्याने हा मार्ग आखण्यात आला. त्यातील ‘हॅमरहेड’ या वळणाची योजनाच अशी आहे की, वळण्यास नाखूष असलेल्या गाडीचे नाक तेथे हमखास बाहेर जावे. शेवटचे वळण नटवर्य मायकेल गॅम्बन यांनी एका सामान्य सुझुकी गाडीतून दोनच चाकांवर घेतले, सबब ते त्यांच्या नावे रुजू झाले. गेमच्या कर्त्यांनी तर याच मार्गावर फोक्सवॅगनच्या 1962 सालच्या सांबा बसगाड्यांची शर्यत ठेवली आहे. ‘रिकामे मैदान’ म्हणून नाक मुरडणाऱ्या पुतण्यांना त्या संथ, उंच, डुलत्या बसगाडीसह मी ‘हॅमरहेड’च्या गवतात पाहिले आहे, आणि त्या संध्याकाळी घरी श्रीखंड आणविले आहे.

थट्टा सोडून सांगावयाचे तर, जे साधे ते हलके, या समजुतीची मला मनस्वी चीड आहे. देखाव्याने भारलेल्या मार्गावर हार झाली तर उतारास, पावसास, अरण्यास बोल लावता येतो. मोकळ्या मैदानात गाडी आणि चालक यांखेरीज जबाबदार धरावयास कोणी उरत नाही. ‘टॉप गिअर’मधील फेऱ्यांच्या काळ-कोष्टकाला जी किंमत होती, ती गरिबाची गाडी आणि सरदाराची गाडी एकाच रेघेवर, एकाच वळणांनी मोजली गेली म्हणून. आपल्या नगरजवळच्या वाहन संशोधन संस्थेच्या मार्गांवर लष्करी गाड्यांची अशीच परीक्षा होते. तेथे प्रेक्षागार नसते, चषक नसतो. त्याच त्या वळणांवर तीच ती गाडी फिरवून तिचे दोष प्रामाणिकपणे कागदावर उतरविणारी माणसे असतात, आणि त्यांच्या नोंदीवर दुसऱ्या कोणाचे तरी प्राण अवलंबून असतात. त्या माणसांच्या कामाची जागा मुलांनी खेळात तरी पाहावी, असे मला वाटते.

आणि आता तर निकड आहे. डन्सफोल्डच्या जागेवर 1800 घरांची वसाहत उभारण्यास 2018 मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. जी वळणे उद्या जमिनीवर उरतील याची शाश्वती नाही, ती निदान पडद्यावर तरी शाबूत राहावीत, एवढीच गेमकर्त्यांच्या दरबारी माझी अर्जी आहे. कारण 2013 च्या ‘ग्रान तुरिस्मो 6’ मध्ये हा मार्ग होता, आणि 2022 च्या ‘ग्रान तुरिस्मो 7’ मध्ये तो दिलेला नाही.