सुरमई की पुणेकर?

कोवलम म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना केरळ आठवतं. हे ते नव्हे. हे चेन्नईहून मामल्लपुरमकडं जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवरचं, कोळ्यांचं गाव. इथला किल्ला 1752 साली रॉबर्ट क्लाइव्हनं घेतला. आता इथं पंचतारांकित हॉटेल आहे आणि त्याचं नाव 'फिशरमन्स कोव्ह'. कोळ्याला त्या दारातून आत कोण सोडतंय ते विचारू नका. पाटीवर बिचाऱ्याला जागा मिळाली, हे काय कमी आहे?

तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. चार ओंडके दोरानं आवळले की झालं कट्टुमरम. इंग्रजांनी शब्द उचलला, त्याचं कॅटमरॅन केलं. आज गेटवेवरून मांडव्याला जाणारी, एसी लावलेली, अलिबागच्या बंगलेवाल्यांची लाडकी बोट हेच नाव लावून मिरवते. नाव ओंडक्यांचं आणि भाडं एसीचं.

कोवलमला आता ओंडके फारसे दिसत नाहीत, फायबरच्या होड्या आणि मागं लटकवलेली मोटर आली. त्याच वाळूवर मूर्ती मेगवन या कोळ्याच्या पोरानं सर्फिंग शिकवायची शाळा काढली. त्याच किनाऱ्याला 2021 साली 'ब्लू फ्लॅग' मिळाला. म्हणजे एकाच पाण्यात जाळंवाला, फळीवाला, पोहणारा आणि "होडीत फिरवता का हो" म्हणणारा, अशी चार गिऱ्हाइकं. ब्लू फ्लॅगच्या तेहतीस निकषांत एक असाही आहे की किनारा वापरणाऱ्या वेगवेगळ्या लोकांची टक्कर होणार नाही अशी व्यवस्था हवी. हा झेंडा देणाऱ्या डेन्मार्कच्या संस्थेला कळलं, छान झालं. या किनारपट्टीवरच्या कोळ्यांच्या गावपंचायती हेच काम कितीतरी आधीपासून करताहेत: कुठलं जाळं चालणार नाही, कुठल्या दिवशी कुणीच समुद्रात जायचं नाही, मोडलं तर दंड किती. अर्ज नाही, तीन प्रती नाहीत. (या पंचायतींत बायका नसतात, हेही सांगून टाकतो. उगाच रामराज्य नको.)

सरकारी कागदाचं मात्र वेगळं. कागद होडी बघत नाही, होडीत काय आहे ते बघतो.

होडी तीच, तांडेल तोच, मोटरही तीच. आत सुरमई असेल तर ती मत्स्यव्यवसाय खात्याची. त्यासाठी महाराष्ट्रात 1981चा आणि तामिळनाडूत 1983चा सागरी मासेमारी नियमन कायदा. आत फिरायला आलेला पुणेकर असेल तर ती मेरिटाइम बोर्डाची. महाराष्ट्राचं बोर्ड 1996चं, तामिळनाडूचं 1997चं, म्हणजे आपण एक वर्षानं वडील. सुरमईच्या नोंदणीवर पुणेकर चालत नाही आणि पुणेकराच्या परवान्यावर सुरमई धरता येत नाही. सकाळी जाळं टाकून दुपारी पर्यटक फिरवणाऱ्या मालवणच्या पोराला विचारा, तो दुपारी जेवायला बसला की कुठल्या खात्याच्या अखत्यारीत जेवतो!

मुंबईत याच्यापुढची मजा. गेटवेवरून घारापुरीला जाणारी लाँच ज्या कायद्याखाली नोंदवली जाते त्याचं नाव अंतर्देशीय जलयान अधिनियम. जुना 1917चा होता, तो जाऊन 2021चा आला. म्हणजे तोंडावर खारं पाणी उडतंय, आजूबाजूला तेलवाहू जहाजं उभी आहेत आणि कागदावर आपण नदीत. बंदर मात्र मुंबई बंदर प्राधिकरणाचं, पलीकडचा किनारा जवाहरलाल नेहरू बंदराचा, मधून नौदलाची जहाजं, परवाना मेरिटाइम बोर्डाचा, काही झालं तर सागरी पोलीस. घारापुरीला पाय टेकलात की पुरातत्त्व खातं. एका तासाच्या प्रवासात इतके बाप कुणाला नसतात.

18 डिसेंबर 2024. दुपारी चारच्या सुमारास घारापुरीकडं निघालेल्या 'नीलकमल' लाँचला नौदलाची एक बोट येऊन धडकली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती, तीही प्रवासी लाँच रोज जातात त्याच पाण्यात. पंधरा माणसं गेली. धडक नौदलाच्या बोटीनं दिली, हे खरं. पण त्यानंतर परवान्यातला आकडाही बाहेर आला: 84 प्रवासी आणि 6 खलाशी. लाँचवर माणसं होती शंभरावर. परवाना रद्द झाला. बुडालेल्या लाँचचा परवाना रद्द करण्याइतकी तत्परता आमच्याकडं निश्चित आहे.

मला या सगळ्यात एकच गोष्ट खुपते. परवान्यासाठी बोटीचा सर्व्हे होतो, इंजिन तपासतात, जॅकेटं मोजतात, तांडेलाचं प्रमाणपत्र बघतात, विमा बघतात, दरवर्षी पुन्हा तेच. छोट्या बोटवाल्याची निम्मी कमाई आणि अख्खी चप्पल त्यात झिजते. मग तो 84चा आकडा छापून मिळतो. आणि ज्या एका जागी तो आकडा उपयोगाचा, त्या धक्क्याच्या पायरीवर, मोजायला कुणी उभं नसतं. एका लाँचमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उड्या मारत माणसं चढतात. खालची पायरी शेवाळानं हिरवी. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे मात्र अचूक मोजून घेतात. म्हणजे मोजता येतं!

एकदा अशाच एका लाँचमध्ये मी जॅकेट मागितलं. खलाशानं छताकडं बोट दाखवलं. सगळी जॅकेटं वर नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधलेली. गाठ अशी की सोडवायला सुरी हवी. "लागली की काढू," तो म्हणाला. काय आवळली होती गाठ! आमचे पूर्वज कट्टुमरमचे ओंडके असेच आवळत असणार.

मालवणात 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली, दोघं गेले. पावसाळ्यासाठी जलक्रीडा बंद होतात 26 मेला. दोन दिवस बाकी होते. नियमावलीच्या हिशेबानं समुद्र अजून चांगला होता. कोवलमची पंचायत असती तर आभाळाकडं बघून म्हणाली असती, आज नको. आमची नियमावली म्हणते, 26 तारखेपर्यंत चालू.

यावर उपाय म्हणून आणखी एक समिती, आणखी एक ना हरकत दाखला सुचवणारे पत्र लिहितील, मला माहीत आहे. नको. धक्क्यावर एक माणूस द्या. त्याच्या हातात टिकटिक करणारा मोजयंत्राचा डबा द्या, लग्नाच्या हॉलात जेवणाची ताटं मोजायला असतो तसला. 84 झाले की साखळी ओढायची. मत्स्यव्यवसाय, मेरिटाइम, बंदर की नौदल, त्याचा पगार कोण देणार यावर मात्र बैठक घेऊ नका.

तोवर पुढच्या वेळी घारापुरीला निघालात की बोटीवर रंगवलेला आकडा आधी शोधा. मग बसा आणि माणसं मोजा. जास्त भरली तर उतरा. तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत.