फेटे बांधून झाले, आता वाद घाला

परदेशी शाळेची मुलं आठवडाभर येणार म्हटलं की आपल्याकडच्या इंटरनॅशनल स्कूलमधून पहिला फोन जातो फेटेवाल्याला. दुसरा ढोलपथकाला. तिसरा पुरणपोळीवाल्या काकूंना.

मुलांनी वाद कशावर घालायचा, हे ठरतं सगळ्यात शेवटी.

कार्यक्रमपत्रिका कुठल्याही शाळेची उचला. सोमवारी ओवाळणं आणि लेझीम. मंगळवारी वारली चित्रं. बुधवारी शनिवारवाडा, नाहीतर जवळचा एखादा किल्ला. गुरुवारी इंग्रजीतून वादविवाद. शुक्रवारी नऊवारीतला फॅशन शो. शनिवारी बसच्या दारात रडारड आणि इन्स्टाग्रामची देवाणघेवाण.

या सहा दिवसांत वारसा आणि वाद यांची एकदाही गाठ पडत नाही.

वारसा अंगणात, वाद सभागृहात. वारशाबद्दल बोलायचं ते फक्त चांगलं. वादाला विषय घ्यायचा तो कुठेही चालणारा: शाळेत मोबाइल हवा का, गृहपाठ बंद करावा का, कृत्रिम बुद्धिमत्ता शाप की वरदान. या विषयांवर मुलं आपापल्या वर्गात बोलतातच. त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला?

लेझीम वाईट नाही. पुरणपोळी तर नाहीच. पाहुण्याच्या ताटात पहिला घास गोडाचा पडावा, ही आपली रीत चांगलीच आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला आठवडाभर फक्त गोडच वाढत राहिलात, तर तो काय शिकून जाणार?

वाघनखं घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै 2024 मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात आली. महाराष्ट्रात तीन वर्षांसाठी. उसनी. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे ती होती आणि त्याच्या घराण्याकडून संग्रहालयात गेली, एवढा माग लागतो. शिवाजी महाराजांनी अफझलखानावर वापरली ती हीच का, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. इथल्या काही इतिहास अभ्यासकांनीही शंका घेतली.

आता इंग्लंडमधल्या शाळेची मुलं तुमच्याकडे आली आहेत. वादाला आणखी काय हवं?

विषय एका ओळीचा: ‘इंग्लंडने नेलेली वस्तू इंग्लंडकडून उसनी घेऊ नये.’ अनुकूल बाजू इंग्लंडच्या मुलांना द्या. प्रतिकूल बाजू आपल्या मुलांना.

हो, उलटीच द्या. वादविवादाचा जीव तिथेच आहे. शालेय वादविवादाच्या जागतिक स्पर्धेत प्रत्येक बाजूला तीन वक्ते, प्रत्येकाला आठ मिनिटं, शेवटी चार मिनिटांचं समारोपाचं उत्तर. बाजू तुम्ही निवडत नाही, ती तुमच्या वाट्याला येते. काही विषय तर तासभर आधी कळतात. जे मत आपलं नाही, त्यातला सर्वांत मजबूत मुद्दा शोधायला एक तास! साताऱ्याच्या पोरीने लंडनच्या संग्रहालयाची वकिली करायची आणि लंडनच्या पोराने साताऱ्याचा हक्क मांडायचा. दोघांनाही त्या रात्री झोप येणार नाही.

त्यासाठीच तर त्यांना एकत्र आणायचं.

आणि हा विषय संपत नाही. 2025 मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसले यांची तलवार विकत घेतली, 47 लाख 15 हजार रुपयांना. आपलीच तलवार पैसे मोजून घ्यावी का? घेतली नसती, तर ती कुणाच्या दिवाणखान्यात गेली असती? माझं मत विचाराल तर सरकारने घेतली ते बरं केलं. पण समोरच्या बाजूचा मुद्दाही मला खोडता यायला हवा. तो खोडायची सवय शाळेत नाही लावायची तर कुठे?

मुख्याध्यापक इथे घाम पुसतात. पालक चिडले तर? कुणाच्या भावना दुखावल्या तर? शाळेवर माणसं चालून आली तर?

ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. 5 जानेवारी 2004 ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. कारण होतं एका परदेशी अभ्यासकाचं पुस्तक. मोडतोड झाली ती इथल्या कपाटांची आणि इथल्या ग्रंथांची. ज्या राज्यात हे घडलं, तिथला मुख्याध्यापक लेझीम निवडतो, यात नवल नाही.

पण त्या जमावातल्या किती जणांना शाळेत कुणी आठ मिनिटं बोलायला आणि आठ मिनिटं ऐकायला शिकवलं होतं?

पाहुणे जर्मनीचे असले तर आणखी सोपं. पुण्याचं ब्रेमेनशी जुनं सख्य आहे, औंधचा ब्रेमेन चौक त्याचीच खूण. रोज लाखभर गाड्या तिथून जात असतील, पण त्या शहरात काय आहे हे विचारलं तर उत्तर येत नाही.

ब्रेमेनमध्ये एक हत्ती आहे. विटांचा, दहा मीटर उंच. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींसाठी मेलेल्या सैनिकांचं स्मारक म्हणून तो 1932 मध्ये उभा राहिला. पुढे त्या शहराला त्याची लाज वाटू लागली. पाडायचा का? खूप वाद झाला. हत्ती पाडला नाही. 1990 च्या सुमारास त्यालाच वसाहतवादविरोधी स्मारक म्हणून जाहीर केलं. शेजारी नामिबियातल्या नरसंहारात बळी गेलेल्यांचंही स्मारक झालं. विटा त्याच, अर्थ बदलला.

मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस आठवलं ना? इमारत तीच, नाव 1996 मध्ये बदललं, 2017 मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. आणि ब्रेमेनचा टाउन हॉल आणि आपलं टर्मिनस, दोन्ही जागतिक वारसा यादीत आले एकाच वर्षी, 2004 ला. वसाहतीच्या इमारतीचं काय करायचं: नाव बदलायचं, पाडायची, की पाटी लावून तिचा इतिहास सांगायचा? दोन शहरांच्या मुलांना यावर एक दुपार द्या. अशी जोडी पुन्हा मिळणार नाही.

त्याऐवजी आपण त्यांना मेंदी काढून देतो.

मंगळवारच्या वारली चित्रांचंही तसंच. पाहुण्यांना गेरूचा कागद, पांढरा रंग, काडीची माणसं आणि तासाभरात फ्रेम. जिव्या सोमा म्हशे यांचं नाव कार्यशाळेत निघतं का? डहाणू तालुक्यातल्या या माणसाने भिंतीवरची कला कागदावर आणली, 2011 मध्ये पद्मश्री मिळवली, 2018 मध्ये गेले. त्यांच्याआधी लग्नघरातला चौक लिहिण्याचा मान होता बायकांचा. कला बाजारात गेली आणि नाव पुरुषांचं झालं. यात कुणाचं काय गेलं, कुणाला काय मिळालं? टी-शर्टवर ती चित्रं छापणाऱ्या कंपनीने पाड्यावरच्या माणसाला पैसे द्यावेत का?

कागद रंगवून झाल्यावर हा प्रश्न विचारा. आणि तो डहाणू-तलासरीहून बोलावलेल्या चित्रकारासमोर विचारा. मानधन द्या, खुर्ची द्या, माइकही द्या. आजवर आपण त्यांच्या हातात फक्त ब्रश दिला.

पाहुणे इटलीचे असतील, तर कोल्हापुरी चपलेला पर्याय नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. कोल्हापूरचं नाव तिथे नव्हतं. इकडे ओरड झाली, तेव्हा कंपनीने प्रेरणा भारतातली असल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, पण ते एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, असं ते मिळून आहे. म्हणजे इटलीशी भांडायच्या आधी आपल्याला बेळगावशी बोलावं लागतं. त्याहून आधी, चामडं कमावणाऱ्या हातांना गावात काय वागणूक मिळाली, हेही बोलावं लागतं.

ते कोण बोलणार? इटलीचा मुलगा विचारील. त्याला विचारू द्या.

‘आपली भांडणं पाहुण्यांपुढे कशाला?’ हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. पण भांडणं लपवली तर आपल्या वारशातलं उरतं काय? एकोणिसाव्या शतकातलं पुणं म्हणजे वाद घालणारं शहर. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये टिळक आणि आगरकर एकत्र शिकवत होते. आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, यावर फाटलं. आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढलं. 1891 मध्ये मुलींचं संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा आला. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, म्हणून टिळक विरोधात. घरातल्या पोरीचा जीव आधी, म्हणून आगरकर बाजूने. त्याआधी मुंबईत रखमाबाईंनी, लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही असं कोर्टात सांगितलं होतं, आणि पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

कायदा इंग्रजांचा, पोरगी आपली. बाजू कुणाची घ्यायची? इंग्रजी मुलं आणि मराठी मुलं एका टेबलाशी बसवून हा विषय टाका. दोन्हीकडच्या शिक्षकांना वही काढावी लागेल.

टिळक-आगरकर गेल्याला शतक उलटलं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला अजून चालते. तिथे एक संध्याकाळ पाहुण्यांना नेलं, तर त्यांना जिवंत वारसा दिसेल. फेटा लागत नाही.

आणि मुलांच्या वादातून काही निघतं का, असं विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण. फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा लढले. 1963 मध्ये त्यांनी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी मुलांच्या देवाणघेवाणीसाठी दोघांचं मिळून एक कार्यालय उघडलं. चाळीस वर्षांनी, 2003 मध्ये, बर्लिनमध्ये दोन्ही देशांच्या शाळकरी मुलांची संसद भरली. मुलांनी मागणी केली: आम्हाला इतिहासाचं एकच पुस्तक द्या, दोन्ही देशांना सारखं.

2006 मध्ये पहिला खंड आला.

ते पुस्तक सगळ्या वर्गांत पोचलं नाही, हे खरं. पण दोन जुन्या शत्रूंचे इतिहासकार एका टेबलाशी बसून एकेका वाक्यावर भांडले आणि एक मजकूर तयार झाला. मागणी शाळेतल्या पोरांची होती. ही मुलं एकमेकांना फक्त नाच दाखवून परतली असती, तर हे झालं असतं?

आता आपल्याच गळ्याशी येणारी गोष्ट. हे सप्ताह ज्या शाळांत होतात, त्यांची फी भरणारे थोडे. त्याच रस्त्यावर चार किलोमीटर पुढे जिल्हा परिषदेची शाळा असते. तिथली मुलं पाहुण्यांना दिसतात ती बसच्या खिडकीतून, नाहीतर वह्या वाटायच्या कार्यक्रमात, हात पुढे केलेली.

त्या मुलांना वादाला बोलवा. वक्तृत्व स्पर्धा गाजवणारी पोरं तिथेही आहेत. गुरुजींनी लिहून दिलेलं पाठ करायची खोड त्यांना आपण लावली, ती मोडायला असाच आठवडा हवा. इंग्रजी अडतं? मग मराठीत बोलू द्या, भाषांतर करायला इंटरनॅशनल शाळेची मुलं आहेत. त्यांचंही मराठी त्या निमित्ताने तपासून होईल. बहुतेकांचं ते तपासायची वेळ आलेलीच आहे.

पालकहो, फी तुम्ही भरता, मुलाला पाहुणा म्हणून तुम्ही पाठवता, परदेशी मुलाला आठवडाभर तुम्हीच घरी ठेवून घेता. तेव्हा पुढच्या पालकसभेत सहलीचा खर्च आणि जेवणाचा मेन्यू बाजूला ठेवा आणि शाळेला एक प्रश्न विचारा: यंदा वादाचा विषय काय आहे, आणि तो आपल्या वारशातला आहे का? उत्तर ‘मोबाइल’ आलं, तर विषय तुम्ही सुचवा. वाघनखं आता कुठे आहेत, तेवढं आधी तपासून घ्या. ती परत जायची आहेत.