घरघर

मिस्त्रींच्या दुकानी गाणं ऐकलेली माणसं जिंतुरात ढीगभर सापडतील. गाणं पुरं ऐकलेला माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे. मी स्वतः अकरा महिने जातोय. या अकरा महिन्यांत मला शंभरएक गाण्यांचे मुखडे पाठ झाले. अंतरा एकाचाही नाही. कारण मुखडा संपून बाई दम घेतात, त्या एवढ्याशा फटीत मिस्त्रींचं बोट वर जातं.

"सर, ऐकू यायली का?"

"काय?"

"घरघर."

मला काही ऐकू आलेलं नसतं. मी तसं सांगतो. मिस्त्री माझ्याकडे दयेनं बघतात. "तुमचा कान मास्तरचा हाय. गलका असला तरच कळतं." आणि सुई उचलली जाते.

दुकान येलदरी रोडला. पाटीवर 'मोटार वायंडिंग' एवढंच. दारात जळालेल्या पाणबुडी मोटारी आडव्या पडलेल्या असतात. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की व्होल्टेज पडतं, एक फेज गायब होते, मोटार करपते आणि शेतकरी ती मोटारसायकलवर बांधून मिस्त्रींकडे घेऊन येतो. तांब्याची तार, वॉर्निशचा वास, भिंतीला टांगलेले स्टार्टर. हे झालं पोटाचं. पडद्यापलीकडे आठ बाय दहाची खोली आहे, ते जिवाचं. तिथं फळ्यांवर गॅरार्ड, बीएसआर, फिलिप्स, कॉस्मिक आणि एचएमव्हीचे रेकॉर्ड प्लेअर पोटं उघडी टाकून बसलेले असतात. कुणाचा हात नाही, कुणाची थाळी नाही. सरकारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यातून चालल्यासारखं वाटतं.

मिस्त्रींच्या चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली आहे. ती किती गेजची, हे तुम्ही न विचारताही सांगितलं जातं.

पडद्यापलीकडचं भांडार कुठून आलं? गावोगावच्या जुन्या लाउडस्पीकरवाल्यांच्या माळ्यांवरून. सत्तर-ऐंशीच्या दशकात आमच्याकडे लग्न लागायचं ते झाडाला बांधलेल्या भोंग्याच्या साक्षीनं. खाली आहुजाचा अँप्लिफायर, बाजूला रेकॉर्ड प्लेअर आणि त्यापाशी गावातला सगळ्यात भाव खाणारा तरुण. प्रल्हाद शिंदे त्या भोंग्यातून चार शिवार ओलांडून ऐकू जायचे. 1975 साली 'शोले' आला आणि त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या, तेव्हा तर नवरदेव मांडवात उभा आणि वऱ्हाड भोंग्याखाली, अशी गत झाली. मिस्त्रींकडे त्या तबकडीच्या चार प्रती आहेत. चारही गब्बरपाशी पांढऱ्या पडल्यात. बाकीची पात्रं अगदी नव्यासारखी बोलतात.

पुढे कॅसेट आली, मग डीजे आला, आणि ही यंत्रं माळ्यावर गेली. तिथं त्यांना जो रोग जडतो त्यावर मिस्त्रींची खरी हुकमत. मोटारीचा दांडा आणि थाळी यांच्या मधे एक रबरी चाक असतं. यंत्र बंद करताना ते सोडवून ठेवलं नाही, तर वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून त्याला खळगा पडतो. मग थाळी फिरते, पण प्रत्येक फेऱ्याला आतून कुणीतरी दार वाजवल्यासारखं धप्प होतं. रबर वाळून दगड झालं असेल तर मोटारीची थरथर थेट सुईपर्यंत पोचते. तीच ती घरघर. मिस्त्री जुनं रबर खरवडतात, नवं चढवतात, लेथवाल्याकडे नेऊन केसभर घासून आणतात. लेथवाला म्हणतो, "ट्रॅक्टरचं काम आणा, यात माझे डोळे जायलेत." मिस्त्री त्याला चहा पाजून परत केसभर घासायला लावतात.

वेगाचा प्रश्न निराळा. त्यांच्याकडे रेघांची गोल कागदी चकती आहे. अठ्ठ्याहत्तरच्या वेगासाठी 77 रेघा, तेहेतीसच्या वेगासाठी 180. आपल्याकडे वीज पन्नास सायकलची, म्हणजे ट्यूबलाईट सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. चकती बरोबर वेगानं फिरली तर त्या मिणमिणीत रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. वेग वाढला की पुढं सरकतात, घटला की मागं. पण हा चमत्कार एलईडीखाली दिसेलच असं नाही. म्हणून सगळ्या रोडवर पांढरेफेक दिवे लागले तरी मिस्त्रींच्या खोलीत जुनी, चोकवाली, सुरू होताना तीनदा विचार करणारी ट्यूब अजून आहे. रेघा उभ्या राहिल्या की मिस्त्री हात जोडत नाहीत एवढंच. चेहरा मात्र गाभाऱ्यातला होतो. आणि याला वेड म्हणायची सोय नाही, कारण हिशेब पक्का आहे. वेग सहा टक्क्यांनी घसरला की गाणं अर्ध्या सुरानं उतरतं. "काळी दोनची बाई पांढरी दोनला आणून ठेवायची? पाप लागंल."

सुईच्या वजनासाठी त्यांनी चलन राखून ठेवलंय. गेंड्याचं चित्र असलेलं चार आण्याचं नाणं पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतं. सरकारनं 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे बाद केले. मिस्त्रींच्या दुकानात ते अजून चालतात. प्लेअरच्या हाताच्या टोकाला सुईवर भार कमी पडला की एक नाणं चिकटतं. माझ्या वडिलांच्या फिएस्टाला एकूण आठ आणे लागले, असं मला सांगण्यात आलं. मजुरी अजून ठरायची आहे.

हो, तो फिएस्टा. एचएमव्हीचा, हातात धरून कुठंही नेण्याजोगा. नवी पिन बसवायची, एवढ्याच कामासाठी मी तो नेला होता. आज तो शेंगदाणा तेलाच्या दोन डब्यांत आहे. "पिन तर निमित्त हाय सर. रोग आत हाय." मिस्त्रींकडे धडधाकट यंत्र आलं तर त्यांचा चेहरा पडतो. "चांगलंच वाजायलंय की," हे वाक्य ते अशा सुरात म्हणतात की मालकाला आपलं काही चुकलं की काय असं वाटावं. मग ते यंत्र एक रात्र ठेवून घेतात. सकाळी त्यात काहीतरी निघालेलं असतं.

पण त्यांचा खरा संताप बघायचा असेल तर पितळी कर्णा घेऊन जावं. मागे एका गृहस्थांनी मुंबईच्या चोरबाजारातून ग्रामोफोन आणला. कर्णा लखलखीत, पेटी कालच पॉलिश केलेली, वर कुत्र्याचं ताजं चित्र. मिस्त्रींनी पेटी उघडली. आत एका स्वस्तातल्या प्रवासी बाजाची मोटार, साउंडबॉक्स दुसऱ्याचा, कर्णा या वर्षीचा. तिघांचं गोत्र एक नाही. गृहस्थ म्हणाले, "हॉलमधे ठेवायचाय. वाजला नाही तरी चालेल."

मिस्त्री बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पोळ्याला निसती झूल मिरवा मंग. बैल काहाला पाळता?"

गृहस्थ गेले. जाताना कर्णा दाराला आपटला, तेव्हा मिस्त्रींना जरा बरं वाटलं.

स्वतः ते यंत्रात बदल करत नाहीत असं नाही. करतात, आणि घरादारावर करतात. विलायतेतल्या स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीनं 1954 साली 301 नावाचं यंत्र काढलं. आपले वारकरी जसे काशीबद्दल बोलतात तसे मिस्त्री त्याच्याबद्दल बोलतात. पाहिलेलं नाही, पण श्रद्धा आहे. तिकडचे हौशी लोक त्याखाली पाटीच्या दगडाचा जड ओटा घालतात, म्हणजे थरथर दगडात जिरते. हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या मोरीतली शहाबादी फरशी नाहीशी झाली. तिला गोल भोक पाडून तीत एक बीएसआर बसला. तरी येलदरीकडे जाणारा उसाचा ट्रक खड्ड्यात आपटला की सुई उडायचीच. मग घरातल्या जात्याची खालची तळी आली. वहिनींनी हरकत घेतली नाही; पीठ गिरणीतूनच येतं. त्या दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "हे पण फिरायचं, ते पण फिरायलंय. ह्याच्यातून पीठ तरी पडायचं."

फरशी आणि जातं बसल्यावर मिस्त्रींनी जड थाळी बसवली आणि तिच्या दांड्याखाली एकच पोलादी छर्रा ठेवला. एवढा भार एका छर्ऱ्यावर कसा पेलेल, असं मी विचारलं. उत्तर भूगोलातून आलं. "नेमगिरीला जाता का नाही? पार्श्वनाथाची मूर्ती केवढी, अन् खाली दगड केवढा? अंतरिक्ष म्हणतेत तिला. टेकायला जागा जेवढी कमी, तेवढी घरघर कमी." जिंतूरचं ते लेणं मी विद्यार्थ्यांना घेऊन चार वेळा दाखवलंय. त्यात बेअरिंगचं शास्त्र आहे हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांच्या सुट्या भागांच्या वाऱ्या दोन: पुण्याचा जुना बाजार आणि हैदराबादचा जुमेरात बाजार. जिंतूरला रेल्वे नाही; एसटीनं परभणी, तिथून गाडी. येताना प्लेअरचा हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर. कंडक्टरनं एकदा विचारलं म्हणे, किती महिन्यांचं आहे.

आता एका तबकडीचं सांगतो. चारठाण्याच्या एका पडक्या माळवदाच्या वाड्यातून ती आली. लेबल वाळवीनं पुरतं खाल्लेलं. मागची बाजू कोरी, म्हणजे तबकड्या एकाच बाजूनं निघायच्या त्या काळातली, विसाव्या शतकाच्या अगदी पहिल्या दशकातली. ग्रामोफोन कंपनीचा गायसबर्ग 1902 साली कलकत्त्यात आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं घेतलं. 1908 मधे कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघेपर्यंत इथल्या गाण्यांच्या तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापून यायच्या. तिथल्या कारागिरांना गाणारं कोण हे कळावं म्हणून गाणारी बाई गाणं संपताना आपलं नाव मोठ्यानं सांगायची, असं म्हणतात. तबकडी बनायची लाखेची, आणि लाख जायची आपल्याकडूनच. बाईंच्या हातात लाखेच्या बांगड्या, गळा लाखेच्या तबकडीत. असो.

तर लेबल नसलेल्या आमच्या बाईंचं नाव तबकडीच्या शेवटी होतं. अवघ्या तीन मिनिटांवर. आणि मिस्त्रींच्या खोलीत तीन मिनिटं पुरी होत नव्हती. पाच महिने मी ती बाई ऐकतोय. पिळदार आवाज, आलाप सुरू, बोट वर, घरघर. मी एकदा कळवळून म्हणालो, "मिस्त्री, घरघर राहू द्या. नाव तर कळू द्या."

"नाव काय, आज ना उद्या कळंल. घरघरीत नाव ऐकून काय उपेग?"

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. मी होतो, मोटारीसाठी दुपारपासून ताटकळलेला बोरीकडचा एक शेतकरी होता, आणि चहा घेऊन वहिनी आल्या होत्या. मिस्त्रींनी जात्यावरच्या यंत्रावर ती तबकडी ठेवली. ट्यूबखाली रेघा उभ्या राहिल्या. सुई टेकली. मुखडा झाला. बाईंनी दम घेतला. मी मिस्त्रींच्या बोटाकडे पाहिलं. बोट खालीच होतं.

अंतरा आला. जन्मात पहिल्यांदा. शेतकऱ्यानं बिडी विझवली. वहिनींच्या हातातला कप तसाच. ताना झाल्या, सम आली, गाणं संपलं, बाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि लाईट गेली.

येलदरीला धरणावर वीज तयार होते आणि जिंतुरात जाते, हा आमचा जुना न्याय. ट्यूब विझली, स्पीकर मुका झाला. पण ती जड थाळी एका छर्ऱ्यावर फिरतच होती, आणि सुई खोबणीत होती. मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाले, "सुईला कान लावा." अंधारात चार डोकी तबकडीवर वाकली. आणि खरोखर, सुईतूनच, डासाएवढ्या आवाजात बाई बोलत होत्या. थाळी मंदावत गेली तसा आवाज जाड होत गेला, खाली खाली गेला आणि थांबला.

"मलका," मी म्हणालो. "मलका जान!"

"जानकी म्हनली," वहिनी म्हणाल्या. "सरळ जानकी."

शेतकरी म्हणाला, "बाई कुठं? शेवटी तर बाप्या बोलला. माझी मोटार झाली का?"

मिस्त्रींचं डोकं अजून तबकडीजवळच होतं. मी अंधारात त्यांचा खांदा हलवला. "मिस्त्री, तुम्ही तर सगळ्यात जवळ होतात. काय ऐकू आलं?"

"बुश कोरडा हाय," मिस्त्री म्हणाले, आणि पेचकस शोधू लागले.