कोल्हापुरी चप्पल हाताने करायला शिका: फक्त सात दिवसांत, घरच्या घरी

पहिल्या दिवशी रापीला हात लावू नये. जमिनीवर मांडी घालावी आणि तीन तास उठू नये. पाठ करकरली तर ती चपलेचीच करकर समजावी. दुसरा दिवस नाकाचा. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं म्हशीचं कातडं टबात भिजत घालून बाल्कनीत ठेवावं. सोसायटीची तातडीची सभा आपोआप भरेल. तिथे ‘हस्तकला’ हा शब्द वापरावा, ‘कातडं’ हा टाळावा. सभेतून सुखरूप सुटलात तर पुढचं सोपं आहे. भिजलेलं कातडं दगडावर ठेवून हातोडीने ठोकायचं, रापीने तळ कापायचा, आरीने भोक पाडून त्यातून कातड्याचीच ओली वादी ओढायची. भोक वादीला जेमतेम पुरेल एवढंच हवं, म्हणजे वाळताना टाका आवळतो. मोठं पडलं की तळ जांभया देऊ लागतो. खिळ्याचा मोह होईल, आवरा. मग कान, पट्टा, अंगठा आणि वेणी. वेणी बहुतांशी बायकांच्या बोटांतून उतरते. दुकानात तिचं कौतुक करणारं गिऱ्हाईक त्या बोटांची चौकशी करत नाही, तेव्हा तुम्हीही करू नये.

आता कोणी म्हणेल, आरी काही आडनाव विचारत नाही, ज्याला शिकायचं त्याने शिकावं. आरी खरंच विचारत नाही. पण चांभाराची नजर जोड्यावर असते अशी म्हण करणाऱ्या समाजाची स्वतःची नजर कुठे असते, हेही बघायला हवं. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. जून 2025 मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच चपला आणल्या, तेव्हा ‘आमची कोल्हापुरी’ म्हणून केवढा गहजब झाला! त्या गहजबात ‘आमच्या मुलालाही शिकवा’ अशी मागणी काही ऐकू आली नाही.

यावर शहाणं उत्तर असं, की कारण जात नसून मजुरी आहे. पोट भरत नाही ते कोण शिकेल? अर्धं खरं आहे, आणि कारागिरांची पोरं धंदा सोडतात त्याला तर पुरेपूर लागू आहे. पण हौशी माणसाला पोटाची चिंता नसते. तो पैसे भरून कुंभाराच्या चाकावर बसतो, कोपरापर्यंत चिखल माखून फोटो काढतो. हल्ली चामड्याचं पाकीट शिवायलाही बसतो, म्हणजे कातड्याचंही वावडं नाही. पाकीट खिशात राहतं, मडकं फुलदाणी होतं. अडतं ते पायापाशी. पायातली वहाण पायातच बरी, असं आपण चपलेबद्दल कधीच म्हटलेलं नाही.

म्हणून सातव्या दिवसाची पायरी तेवढी नीट वाचावी. जोड तयार झाला की दारावर पाटी लावावी: ‘येथे चपला करून व दुरुस्त करून मिळतील’. खाली स्वतःचं नाव, आडनावासकट, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. ही पायरी जमली नाही, तर पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करावी. मांडी नीट बसलेली नसते.