साडूंची बोट आणि समईचा उजेड

साडूने गाडी घेतली तर पेढे मागावेत, घर घेतलं तर वास्तुशांतीला आहेर घेऊन जावं. पण साडूने बोट घेतली तर काय करायचं, हे आमच्या साताऱ्याकडे कुणी सांगून ठेवलेलं नाही. त्यामुळे न्यू जर्सीत एडिसनला उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी "उद्या तळ्यावर जायचं, सूर्यास्त पाण्यातून बघायचा" असं साडूभाऊंनी जाहीर केलं, तेव्हा मी नुसताच "वा, वा" म्हणालो. त्यातला एक 'वा' जास्त झाला हे मला दुसऱ्या रात्री साडेनऊला, डॅशबोर्डखाली उताणा पडलेला असताना कळलं.

तळ्याचं नाव लेक होपॅटकाँग. हे न्यू जर्सीतलं सगळ्यात मोठं तळं. एडिसनहून आधी २८७ आणि मग ८० नंबरचा हायवे धरला की तासाभराचा रस्ता. पूर्वी इथे दोन लहान तळी होती. एकोणिसाव्या शतकात मॉरिस कालव्याला पाणी हवं म्हणून बांध घातला आणि दोन्ही एक झाली. त्या कालव्यातून पेनसिल्व्हेनियाचा कोळसा यायचा आणि वाटेत डोंगर आला की होड्या रुळांवरच्या गाड्यांत बसवून वर ओढून नेत. हे साडूंनी सांगितलं तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, की म्हणजे या भागात होड्या ढकलायची प्रथा जुनीच आहे का? ते हसले नाहीत. नव्या बोटवाल्याशी या विषयावर थट्टा करू नये.

'नव्या' हा शब्द साडूंना लागू, बोटीला नाही. बोट १९८७ सालची, साडेअठरा फुटी, फायबरची. पेट्रोलचं इंजिन पोटात आणि पंखा शेपटीला. एका निवृत्त गृहस्थाकडून घेतलेली. "म्हाताऱ्याने लेकरासारखी सांभाळली होती हो," असं साडू सांगतात. त्या लेकराचं वय बघता एव्हाना त्याला स्वतःची लेकरं असायला हरकत नव्हती.

धक्क्यावर पोचताच सगळ्यांना लाइफ जॅकेटं चढवली गेली. आमची ही त्या नारिंगी फुगीर जॅकेटात, हातात थालिपिठांचा डबा घेऊन अशी उभी राहिली, की वाटावं पूरग्रस्तांना मदत घेऊन निघाली आहे. मग ब्लोअर. पेट्रोलची वाफ इंजिनाच्या खोलीत साठलेली असली तर ठिणगीने भडका उडतो, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं पंखा लावून ती बाहेर घालवायची असते. ती चार मिनिटं आम्ही चौघं आरतीला उभं राहावं तसे गप्प उभे होतो.

सूर्यास्त छान झाला. सूर्यास्ताबद्दल याहून जास्त लिहिणाऱ्यांची प्रवासवर्णनं मी वाचत नाही. खरी मजा तो झाल्यावर आली. अंधार पडताच साडूंनी एक बटण वर केलं. पुढे लाल-हिरवा आणि मागे पांढरा असे बोटीचे कायद्याचे दिवे ठणठणीत लागले, आणि त्याच बटणावर असलेले डॅशबोर्डचे दिवे... लागले म्हणायचे. वेग, इंजिनाच्या फेऱ्या, पेट्रोल, तापमान, तेलाचा दाब आणि बॅटरी अशा सहा गोल तबकड्या आणि त्यांच्यामागे विझायच्या बेतातल्या सहा समया.

"तीन महिने झाले, हे असंच," साडू म्हणाले. "बल्ब बदलले. मग एलईडी आणले, तर त्यातले निम्मे लागेचनात."

एलईडीला उलटं-सुलटं कळतं. उलटा बसवला तर तो लागत नाही, काढून फिरवून बसवावा लागतो. साडूंना हे कळेपर्यंत एलईडी परत गेले होते आणि जुन्या पद्धतीचे नवे बल्ब आले होते.

"मग आत्ता आपण बघूनच टाकू," मी म्हणालो. तेव्हा 'आपण' या शब्दातून साडू मला वगळतील असं मला वाटलं होतं.

एका आडोशाला नांगर टाकला. साडू नांगराच्या दोराशी झटत होते तेवढ्यात मी माझं वीजशास्त्र आठवलं. ते सगळं बजाज चेतकवर शिकलेलं. माझ्या जुन्या चेतकचा दिवा इंजिनाच्या जिवावर जगायचा. चौकात थांबलं की काजवा, रेस केली की सूर्य. "रेस करा," मी ओरडलो. त्यांनी न्यूट्रलमध्ये रेस केली. इंजिन चालू असलं की आल्टरनेटर बॅटरीला चौदाच्या आसपास व्होल्ट देतो, त्यामुळे समया तसूभर मोठ्या झाल्या. किनाऱ्यावरच्या एका घरातून मात्र कुणीतरी बाहेर येऊन आमच्याकडे पाहू लागलं. रेस थांबवली, इंजिनही बंद केलं.

दुसरा संशयित दिवे कमी-जास्त करायचं गोल बटण. आतल्या पट्टीवर गंज धरला की वीज अडते आणि बटण भराभर पाच-पंचवीस वेळा फिरवलं की कधीकधी मार्ग मोकळा होतो. हे खरं आहे. मी फिरवलं. अठराव्या वेळी दिवे जरासे सुधारले. एकोणिसाव्या वेळी बटण हातात आलं. आत आखूड दांडा राहिला, चिमटीत न येणारा. साडू तोवर पुन्हा नांगराशी गेले होते. मी बटण खिशात टाकलं आणि "इथे दोष नाही," असं सांगितलं.

आता साडूंनी मीटर काढला. ते संगणकवाले, आकडा दिसल्याशिवाय त्यांना दुःखही होत नाही. त्यांनी सगळे बल्ब काढून शेवटच्या तबकडीच्या होल्डरात सुया टेकवल्या. १२.६ व्होल्ट. बॅटरीवर टेकवल्या. १२.६. "म्हणजे वीज पुरेपूर येतेय!" बल्ब परत लावले, पुन्हा मिणमिण. रात्रभर खोकणारं पोर डॉक्टरांपुढे नेलं की कसं टुणटुणीत होतं, तसा प्रकार.

"अहो, दिवा लावलेला असताना मोजा की," मागून आमची ही म्हणाली. तिने डबा उघडला होता. "रिकाम्या हाताने कुणीही ताठ चालतं. डोक्यावर घागर द्या, मग कळेल."

मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज खात नाही, त्यामुळे सडका जोडही त्याच्यापुढे सोवळ्यात उभा राहतो. बल्ब जळत असताना मोजलं तेव्हा आकडा आला ९.६. साडूंना हा काही फार वाईट वाटला नाही. पाऊण भाग तर आहे. पण तारेच्या बल्बाचा हिशेब सावकारी असतो. व्होल्ट पाऊणपट झाले की उजेड पाऊणपट राहत नाही, ४० टक्क्यांवर येतो.

"आणि सगळे सारखे मंद नाहीत," ही पुढे म्हणाली. "डावीकडचा बरा आहे. पुढे पुढे उतरत गेलेत. पंगतीत श्रीखंड कमी पडलं की असंच होतं. पहिल्या पानावर वाटी, शेवटच्या पानावर बोट."

माझ्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तरी मी अजून अशा वेळी चकित होतो. दिव्यांची वीज आणणारी तार निळी, परत नेणारी काळी. ही काळी तार प्रत्येक तबकडीकडून बॅटरीकडे थेट जात नव्हती. सहावीकडून पाचवीला, पाचवीकडून चौथीला अशी हात धरत पहिलीपर्यंत यायची आणि तिथून पुढे. साडूंनी एक सुई सहाव्या तबकडीच्या काळ्या तारेवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवली. दिवे चालू असताना इथे शून्याच्या जवळपास यायला हवं. आले तीन. हरवलेले तीन व्होल्ट सापडले. दिवे लावले की तापमानाचा काटा दचकून हलायचा, त्याचंही मूळ इथेच असणार. साडू आजवर ते बोटीच्या स्वभावावर घालत होते.

"म्हणजे येणारी वीज नीटच येत होती," साडू हळूच म्हणाले. "परत जायची वाट खराब."

"तेच म्हणते मी," मेव्हणी म्हणाली. "१९९६ साली म्हणाला होतात, पाच वर्षांत परत जाऊ."

साडूंनी मीटर बंद केला.

इथून पुढचं काम कुणीतरी डॅशबोर्डखाली शिरण्याचं होतं आणि आमच्यात सडपातळ मी. पाठ ओल्या गालिच्यावर, पाय सुकाणूच्या दोन्ही बाजूंनी वर, मोबाइलचा टॉर्च दातात. योगवर्गात या आसनाचे पैसे घेतील. साडूंनी बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला आणि मी वर पाहिलं. तबकड्यांच्या पाठीमागे नटांखाली तारांची टोकं होती आणि त्यातल्या तीन टोकांवर हिरवट साय धरली होती. मी फोटो काढून वर पाठवला.

"कळकलंय हो!" ही ओरडली. "पितळी पातेल्यात ताक ठेवलं की होतं ना, तस्सं. कल्हई नव्हती का केलेली?"

साडू मोठ्याने हसले. मग हसायचे थांबले. कारण बोटीसाठी जी खास तार मिळते, तिच्यातला तांब्याचा प्रत्येक धागा कथलाने मढवलेला असतो, म्हणजे शब्दशः कल्हई केलेला. या बोटीतली मूळ तार सोलली तर आतून चांदीसारखी पांढरी निघाली. मधले तीन तुकडे मात्र कुणीतरी नंतर जोडलेले, मोटारीत वापरतात त्या साध्या तांब्याचे. ते आतपर्यंत काळेहिरवे. लेकरासारखी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल साडू त्यानंतर फारसं बोलले नाहीत.

कानस मेव्हणीच्या पर्समध्ये निघाली, नखांची. तिने टोकं घासून लख्ख केली. सडके तुकडे काढून साडूंच्या पेटीतली कल्हईची तार घातली. शिवाय एक जास्तीची तार सहाव्या तबकडीपासून थेट ऋण पट्टीपर्यंत नेली, म्हणजे पंगतीच्या दुसऱ्या टोकालाही एक वाढपी उभा केला. मधल्या काळात न्यू जर्सीच्या डासांनी माझ्या पोटऱ्यांवर पंगत उठवली, ती वेगळी.

स्विच लावला, बटण वर केलं. काय तो उजेड! सहाही तबकड्या दिवाळीसारख्या पेटल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. साडूंनी अभिमानाने एकेक तबकडी पाहायला सुरुवात केली आणि पेट्रोलपाशी थबकले.

"टाकी अर्धी आहे म्हणाला होतात ना?" मी विचारलं.

अर्ध्यावर छापलेली पांढरी रेघ होती. तीन महिने अंधुक उजेडात साडू तिलाच काटा समजत होते. खरा काटा खाली, शून्याला टेकून विश्रांती घेत होता.

नांगर उचलला आणि अगदी गोगलगाईच्या चालीने निघालो. वेगाच्या तबकडीवर शून्य. तिची नळी पाण्यात असते आणि या तळ्यात पाणवनस्पती इतक्या, की दर उन्हाळ्यात यंत्राने कापून काढाव्या लागतात. नळीत काय बसलं असेल ते सांगायला नको. थोड्या वेळाने साडू डोळे चोळू लागले. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि आमच्या सहा दिवाळ्या समोरच्या काचेत उलट्या चमकत होत्या. काचेपलीकडचं तळं नाहीसं झालं होतं.

"जरा कमी करतो," म्हणत त्यांनी उजवा हात डॅशबोर्डवर फिरवला. मग डावा फिरवला. मग वाकून पाहिलं.

"इथे एक गोल बटण होतं," ते म्हणाले.

मी हिच्या हातून थर्मास घेतला. "साडूभाऊ, चहा?"