माहूरला कशाला चाललाव?

औशात माणूस पिशवी घेऊन घराबाहेर पडला की त्याला चौकापर्यंत तीन प्रश्न गाठतात. कुठं चाललाव? कवा येणार? आणि कशाला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कशीही दिली तरी चालतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र ठरलेल्या यादीतलंच लागतं : लग्न, मयत, दवाखाना, कोर्टाची तारीख किंवा देव. हवापालट त्या यादीत नाही. हवा औशातही आहे आणि ती फुकट आहे.

त्यामुळे २०२४ च्या दिवाळीत पुण्याचा जावई जेवता जेवता म्हणाला, “डिसेंबरात एखादा वीकेंड कुठंतरी डोंगरात जाऊ या. छोटं, जुनं, शांत गाव हवं. गर्दी नको,” तेव्हा घरात क्षणभर कुणीच बोललं नाही. या सहलीतली ही पहिली शांतता. आणि शेवटचीही.

हे घर नेमकं कुणाचं, ते विचारू नये. अशी घरं औशात गल्लीगल्लीत आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांची माय, तिचा निवृत्त मुलगा, म्हणजे भूगोल शिकवण्यात हयात गेलेले अण्णा, घर चालवणाऱ्या काकू, दिवाळीला आलेली लेक, दहा वर्षांची नात आणि जावई. जावयाला घरात मान असतो. मत नसतं.

पहिला अडथळा भूगोलाचा निघाला. डोंगरात जायचं म्हणजे वर जायचं. पण औसा मुळातच बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच. माथेरान भरतं आठशेच्या आसपास. म्हणजे मुंबईचा माणूस धापा टाकत जेवढा चढतो, त्यातला तीन चतुर्थांश चढ औशाच्या माणसाच्या उंबऱ्याखाली आधीच भरून ठेवलेला. “वरच्या दोनशे मीटरसाठी एवढं डिझेल?” अण्णांनी विचारलं. महाबळेश्वर साडेतेराशेच्या घरात आहे, असं लेकीनं सांगून पाहिलं. त्यावर अण्णांनी तास घेतला. महाबळेश्वर मुंबईचा गव्हर्नर माल्कम यानं १८२८ च्या सुमारास वसवायला घेतलं, म्हणून तिथल्या पेठेला माल्कम पेठ म्हणत. विदर्भातलं चिखलदरा १८२३ साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस पडलं. “आणि साहेब तिकडं जायचा तो उन्हाळा चुकवायला. थंडीत थंडी हुडकत हिंडायला त्याला काय झालं होतं?”

किल्लाच बघायचा तर तोही घरचाच आहे. औशाचा भुईकोट दुहेरी तटाचा, भोवती खंदक. अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही, ही त्याची खुबी. शत्रूला दिसत नव्हता तसा आता पर्यटकालाही दिसत नाही. बहमनी वजीर महमूद गावान याचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. पण हाकेच्या अंतरावरचा किल्ला म्हणजे सहल नव्हे, एवढ्या मुद्द्यावर जावयाला नातीचा पाठिंबा मिळाला.

मग नकाशा उघडला. ३६१ क्रमांकाचा महामार्ग औशाला धरून जातो. नागपूर-रत्नागिरी या लांबलचक रस्त्याचाच तो तुकडा. पश्चिमेला सुटलं की तुळजापूर, सोलापूर करत कोल्हापूर आणि तिथून २० किलोमीटरवर पन्हाळा. जावयाची मागणी तंतोतंत पुरवणारं गाव : किल्ल्याच्या पोटात वसलेलं, शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासूनचं. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज निसटले ते इथूनच. कवी मोरोपंतांचा जन्मही इथलाच, १७२९ चा. सगळं पसंत पडलं. तेवढ्यात मायनं विचारलं, “वाटंत काय काय लागतं?”

हा प्रश्न आला आणि पन्हाळा बुडाला. वाटेत तुळजापूर लागतं. भवानीच्या दारावरून पाय न उतरता जायचं, तर घरातून निघायचंच कशाला? सोलापुरात सिद्धेश्वर. पुढं पंढरपूर थोडं आडवाटेला, पण थोडंच. मंगळवेढ्यात दामाजीपंत आणि चोखोबा. नरसोबाची वाडी. कोल्हापुरात अंबाबाई. आणि पन्हाळ्याच्या शेजारच्या डोंगरावर जोतिबा. जावयानं मोबाइलवर हिशेब केला : सात देव, शंभरेक नारळ-फुलांची दुकानं, आणि रविवारी संध्याकाळी पन्हाळ्यासाठी चाळीस मिनिटं. त्यातली वीस गाडी लावायला.

“मग उलटं जाऊ,” अण्णा म्हणाले. त्याच रस्त्यानं पूर्वेला गेलं की लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. पुढं यवतमाळ जिल्ह्यातल्या धनोड्याजवळ वळून पैनगंगा ओलांडली की परत नांदेड जिल्हा आणि माहूर. तीनशे किलोमीटरांच्या आसपास.

“रेणुकाईकडं?” माय सरसावून बसली. ठराव मंजूर झाला.

माहूर हे खरं तर मराठवाड्याचं डोंगरगाव. सागाचं जंगल, किल्ल्याला तीन बाजूंनी पैनगंगेचा वळसा, पांडवलेणी. पण साहेबाची वस्ती तिथं झाली नाही, म्हणून ‘थंड हवेचं ठिकाण’ हा किताब काही मिळाला नाही. महाबळेश्वरात कड्याकड्याला साहेबांची नावं आहेत. माहुरात तीन शिखरं, आणि तिन्हींचं बारसं पुराणांनी आधीच उरकलेलं : रेणुका, दत्त, अनसूया. तिकडे माणसं सूर्यास्त बघायला जातात, इकडे ओटी भरायला. सूर्य दोन्हीकडे तितकाच मावळतो.

इतिहासात तर माहूरचं वजन मोठं. महमूद गावानानं बहमनी राज्याच्या चार सुभ्यांचे आठ केले, तेव्हा वऱ्हाडाचे दोन तुकडे पडले. एक गाविलगडाचा, दुसरा माहूरचा. म्हणजे आज चिखलदऱ्याला शेजारी असलेला गाविलगड आणि माहूर यांची तेव्हा बरोबरीची खुर्ची होती. अण्णांनी ही माहिती तीन वेळा दिली. तिसऱ्या वेळी नात झोपली होती.

जागा ठरली, आता तारीख. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली उतरलं. त्याच्या रकान्यांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि मायच्या गोळ्यांची नोंद असते. त्यातून उरलेल्या जागेत डिसेंबर.

७ तारखेचा शनिवार म्हणजे चंपाषष्ठी. घरचं दैवत खंडोबा. भरीत-रोडगा आणि तळी सोडून माहूरला जाणं म्हणजे मुलाला सोडून आईला भेटायला जाण्यासारखं, असं काकू म्हणाल्या. ही उपमा कुणाला कळली नाही, निर्णय कळला. १४ चा शनिवार म्हणजे दत्तजयंती. दत्तमहाराज दिवसभर कुठंही फिरले तरी निजायला माहूरला येतात, अशी श्रद्धा. खुद्द यजमानाच्या वाढदिवशी त्याच्या गावात निवांत खोली मागायची, हा जावयाचा भाबडेपणा भक्तनिवासाच्या पहिल्याच फोनमध्ये संपला. २१-२२ ला तुरीचा आणि हरभऱ्याचा अडसर : तूर काढायला मजूर त्याच दिवशी मिळणार होते आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं तर त्या आठवड्यात लाइट रात्रीची.

उरले २८ आणि २९. पण ३० चा सोमवार म्हणजे येळवस.

पुण्यात वाढलेल्या माणसाला येळवस समजावून सांगणं अवघड असतं. मार्गशीर्षातली अमावस्या, पुस्तकातलं नाव वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावंच्या गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते, आत पांडव मांडून पूजा होते, आणि मग तुरीच्या, हरभऱ्याच्या, वाटाण्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं आंबील. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. त्या दोघींत गल्लत करणारा जावई वर्षभर थट्टेचं गिऱ्हाईक होतो. भज्जीची तयारी आदल्या दिवशी, शेंगा सोलण्यापासून. म्हणून काकूंनी अट घातली : “रविवारी दिवेलागणीला गाडी दारात पायजे.”

सगळे हो म्हणाले. अण्णाही. त्यांनी कालनिर्णयातल्या २९ च्या चौकोनाकडे जरा जास्त वेळ बघितलं, एवढंच.

वाहनाचा वाद चार दिवस चालला. मायचं मत एसटीला. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट, आणि मायचा हिशेब साधा होता : तिकीट शून्य असल्यावर माणूस जितका लांब जाईल तितका फायदा. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. अण्णा पासष्टीपुढचे, म्हणून अर्धे. नात लहान, म्हणून अर्धी. घरात पूर्ण तिकिटाचा माणूस एकच सापडला. त्यानं मुकाट्यानं भाड्याची गाडी ठरवली.

खरं कारण मात्र सामान. दोन दिवसांसाठी धपाटे, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, सहा रजया, कानटोप्या, ओटीचे खण-नारळ आणि ‘असू द्या’ या सदरातली तीन बोचकी. “एवढं माहूरला कोण नेतं?” जावई म्हणाला, आणि अण्णांना बोलायला जागा मिळाली. बापाशी बिनसून शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, १६२३ मध्ये दख्खनेत पळत आला, तेव्हा त्यानं हत्ती आणि जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदाराम या सरदाराच्या हवाली केलं आणि मोकळ्या अंगानं कुतुबशाहीकडे निघून गेला. त्याच उदारामाच्या घराण्यातली सावित्रीबाई म्हणजे औरंगजेबानं जिला ‘रायबागन’ म्हटलं ती. १६६१ च्या फेब्रुवारीत ती मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेबरोबर उंबरखिंडीत अडकली, आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनंच खानाला दिला. फौज सुटली, पण सगळं सामान शिवाजी महाराजांच्या माणसांकडे ठेवून. थोडक्यात, माहूर आणि सामान यांचं नातं जुनं आहे. जावयानं सहावी रजई टपावर बांधली.

शनिवारी पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, म्हणून साडेसातला निघाले. नांदेडात गुरुद्वाऱ्याला हात जोडायला उतरले आणि लंगरात जेवून उठले. गाडीतले धपाटे तसेच राहिले. माहूर आलं तेव्हा दुपार कलली होती आणि आभाळ भरून आलं होतं. थंडीला म्हणून यावं आणि थंडीनंच गाव सोडलेलं असावं, तसं झालं. सहा रजया खोलीत एकावर एक रचून ठेवल्या. माय त्यांना टेकून बसली.

रेणुकेच्या पायऱ्या चढताना मायनं जावयाचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. आधार कुणाला होता, हे वर पोहोचल्यावर दिसलं. देवळात विड्याच्या पानांचा कुटलेला तांबूल प्रसादाला मिळतो. नातीनं तो तीनदा मागून घेतला आणि लाल जीभ काढून आरशात बघत राहिली. संध्याकाळी किल्ल्यावर गेले. पडके बुरूज, खाली जंगल, लांबवर नदीचं वळण, आणि माणसं इनमीन दहा. जावयाला हवं होतं ते सगळं एकदम समोर आलं. तो कठड्यावर बसला, डोळे मिटले.

“या आभाळानं घाटेअळी पडणार हरभऱ्यावर,” अण्णा शेजारून म्हणाले.

रविवारी दहाला परतीची वाट धरली. लोहा मागं पडलं आणि गाडी मुंगीच्या चालीनं जायला लागली. मग तेवढीही चालेना. पुढं माळेगाव होतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तिथं खंडोबाची यात्रा सुरू होते आणि देवाची पालखी निघते. ती चतुर्दशी त्याच रविवारी होती. घोडे, गाढवं, खेचरं, उंट, लांबून आलेले व्यापारी, तमाशाचे तंबू, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. ‘गर्दी नको’ म्हणणारा जावई गाडीच्या काचेतून बघत होता आणि एक उंट बाहेरून त्याच्याकडे बघत होता.

अण्णा मात्र दिसेनात. पाऊण तासानं घोड्यांच्या बाजाराच्या बाजूनं आले. कपाळाला भंडारा, खांद्यावर नवी कोरी घोंगडी, चेहरा सहलीला आलेल्या पोरासारखा.

“अण्णा, आज यात्रा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“मास्तर माणूस मी. तिथी तर ठाऊक असणारच.”

“मग बोलला नाहीत ते?”

“कुणी विचारलं?”

गाडी दारात लागली तेव्हा दिवेलागण होऊन पाच तास झाले होते. काकू कुणाशी बोलल्या नाहीत. परात पुढ्यात ओढून शेंगा सोलायला बसल्या, आणि रात्री एकपर्यंत घरातला प्रत्येक जण, अण्णा धरून, त्या परातीभोवती होता. जावयानं तुरीच्या शेंगा सोलायची कला त्या रात्री आत्मसात केली. अळ्या वेगळ्या काढायची सकाळी.

सोमवारी शिवार फुललं होतं. कोपीपाशी नवी घोंगडी अंथरून मंडळी भज्जीवर बसलेली. शेजारच्या शेतातले आबा हात धुऊन पंगतीला आले. येळवशीला कुणाच्याही शेतात कुणीही जेवतं.

“दोन दिस घर बंद दिसलं. कुठं गेल्ताव?”

“माहूरला,” जावई म्हणाला.

“आसं. कशाला?”

“असंच. फिरायला.”

आबांनी घास तसाच धरला. जावयाकडं, मग अण्णांकडं, मग मायकडं बघितलं.

“फिरायला?”

“नवस होता,” माय म्हणाली, आणि आबांच्या गडव्यात आंबील ओतलं.