बारा फोटोंच्या बारा भानगडी

तोरण्यावर रविवारी दोन जातीची माणसं भेटतात. दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढणारी आणि गळ्यात जुना यशिका अडकवून कशाचाच फोटो न काढणारी. ही दुसरी जात हल्ली फोफावली आहे. झुंजार माचीवर ढग उतरतात, मधूनच ऊन पडतं. गडी मान खाली घालून काचेत बघतो, सुस्कारा सोडतो आणि पुढं चालू लागतो. कंजूष नाही बिचारा, हिशेबी आहे. १२० च्या रोलवर चौकोनी फोटो बसतात १२. रंगीत रोल हजाराच्या पुढं, धुणं आणि स्कॅनिंग वेगळं, कुरिअर त्याहून वेगळं. एकेक खटका दीडशेच्या घरात जातो. तेवढ्यात खाली वेल्ह्यात पिठलं-भाकरीचं ताट येतं, वर ठेचा.

मुळात हा रोल साध्या माणसाचा. कोडॅकनं १९०१ साली आणला तो घरगुती हौशी कॅमेऱ्यांसाठी. बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिकमध्ये हाच बसायचा. उटीच्या सरकारी कारखान्यातून ‘इंदू’ फिल्म यायची. तालुक्याच्या गावी स्टुडिओवाला तो मागच्या खोलीत स्वतःच धुवायचा. खिडकीला काळं फडकं, रोलची दोन टोकं दोन हातांत, थाळीतल्या डेव्हलपरमधून वरखाली. मग हायपो, मग पाणी, मग चिमटा लावून दोरीवर. निगेटिव्ह इतकी ऐसपैस की पेन्सिलीनं नवरीच्या गालावरचे डाग घालवता यायचे. त्याला कुणी फिल्टर म्हणत नव्हतं, एवढंच.

आज भोरच्या बाजारात विचारून बघा. दुकानदार मान वर न करता सांगतो, “१२० चा रोल? तो आमच्या अण्णांबरोबर गेला. पासपोर्ट काढायचाय का?”

मग पुणं गाठायचं. तिथं मशीन ३५ चा रोल घेतं, १२० चा म्हटलं की आ वासत नाही. मग मुंबई. तिथं घेतात, पण रांगेत. लॅबवाल्यांचंही चुकत नाही म्हणा. रंगीत रोलचं रसायन ३७.८ अंशांवर राखावं लागतं आणि पुरेसे रोल पडले नाहीत तर ते नासतं. त्यामुळे चार रोल साठेपर्यंत आपला पडून. सव्वातीन मिनिटांच्या डेव्हलपरच्या अंघोळीसाठी ही काशीयात्रा! तिकडं वेल्हे तालुक्याचं ‘राजगड’ हे नाव २०२५ मध्ये दिल्लीहून मंजूर होऊन आलं, रोल मुंबईतच.

आणि एवढं करून हाती येतं काय? मोबाइलवर एक लिंक. निगेटिव्ह हवी असेल तर परतीचं कुरिअर भरा. ते कोण भरतो? फोटो लगेच ग्रुपवर पडतो. खाली पहिला प्रश्न कॉलेजातल्या भाचीचा:

“मामा, मस्तच! कुठलं फिल्टर लावलंस?”